क्लचवाले अण्णा

खोली बघायला गेले तेव्हा अण्णांनी मला पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही, घरात मांसमच्छी आणि चातुर्मासात कांदा-लसूण चालणार नाही हेही सांगितलं नाही. ते खातं त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकींचं होतं आणि त्यांनी ते चहा देता देता उरकलं. अण्णा फाटकापाशी उभे राहून माझी स्कूटर बघत होते. बराच वेळ बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "गिअर न्हाय हिला?"

मी जळगावकडची, कोल्हापुरात कॉमर्स कॉलेजात शिकवायला आलेली. नवीन गावात उगाच वाद नको म्हणून मी मान खाली घालून नाही म्हटलं. अण्णांनी थोडा विचार केला.

"ऱ्हावा," ते म्हणाले. "दोन चाकांना माफ हाय."

अशी मला वरच्या मजल्यावरची खोली मिळाली, आणि तिच्यासोबत अण्णाही मिळाले.

अण्णांचं शाहूपुरीत दुकान होतं, ट्रॅक्टरच्या आणि मोटारींच्या क्लचप्लेटचं. मूळ घर शिरोळ तालुक्यातलं, उसाचं. शेती भावांनी बघितली आणि अण्णा शहरात येऊन धंद्यात पडले. गल्लीत आणि बाजारात त्यांना 'क्लचवाले अण्णा' म्हणायचे. लोकांची समजूत अशी की ऑटोमॅटिक गाड्या आल्या तर धंदा बसेल, म्हणून हा माणूस त्यांच्यावर एवढा चिडून आहे. ही समजूत साफ चुकीची होती. धंदा बसवायला अण्णांना बाहेरच्या मदतीची गरज नव्हती. नवी क्लचप्लेट मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी जुनी कशी गेली ते विचारायचे, आणि उत्तर पटलं नाही तर माल द्यायचे नाहीत. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्याला नवी प्लेट देणं म्हणजे दारुड्याला नवी बाटली देणं, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक मुकाट्यानं शेजारच्या दुकानात जायचं. शेजारच्या दुकानदारानं दुसरा मजला बांधला, त्यात अण्णांच्या तत्त्वांचा वाटा मोठा होता.

"गिअर माणसानं बदलायचा असतोय," ते म्हणायचे. "गाडीनं बदलला की माणूस सामान झाला. डिकीत ठेवा न्हायतर सीटवर ठेवा, फरक न्हाय."

या एका वाक्यातून त्यांनी सगळ्या जगाचा निकाल लावला होता. पोरांना पाढे येत नाहीत, माणसांना स्वतःच्या बायकोचा फोन नंबर पाठ नाही, पुढारी कुठल्या पक्षात आहे हे सकाळचा पेपर बघितल्याशिवाय समजत नाही, या सगळ्याचं मूळ एकच. आपले आमदार ऑटोमॅटिक आहेत, असं ते भर सत्कार समारंभात शेजारच्या खुर्चीला सांगायचे. कधी गिअर बदलला ते कळतसुद्धा नाही, झटका बसत नाही, आवाज येत नाही, आणि मागं बसलेल्याला वाटतं गाडी सरळच चाललीय.

संध्याकाळी ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत. आमच्या घरासमोर छोटा चढ होता आणि त्या चढानं गल्लीतल्या प्रत्येकाची अब्रू अण्णांच्या हातात दिली होती. समोरचे वकील तिसऱ्यातच चढ काढायचा प्रयत्न करत आणि गाडी खोकू लागली की दुसरा टाकत. अण्णांच्या मते हा माणूस कोर्टातही तारीख टळून गेल्यावरच जागा होत असणार. कोपऱ्यावरचे दाताचे डॉक्टर सपाट रस्त्यावरही दुसऱ्यात गाडी रेटायचे. त्यांच्याकडे अण्णा दात दाखवायला गेले नाहीत. पत्ता शोधत आलेल्या अनोळखी माणसालासुद्धा ते आधी म्हणायचे, "पावणं, जरा न्यूट्रल करून बोला की," आणि मग पत्ता सांगायचे.

त्यांच्या स्वतःच्या गाडीत मी पहिल्यांदा बसले ती बाहुबलीच्या डोंगरावर देवदर्शनाला जाताना. पांढरी, चौकोनी, जुनी गाडी होती, आणि अण्णा ती पूजा सांगितल्यासारखी चालवत. प्रत्येक गिअर मन लावून टाकायचा, प्रत्येक वेळी क्लच पूर्ण दाबायचा आणि तितक्याच निष्ठेनं सोडायचा. त्या निष्ठेमुळे बसलेल्यांच्या माना प्रत्येक वेळी पुढे जाऊन मागे येत. अण्णांच्या गाडीतून उतरलेला माणूस नंतर बराच वेळ समोरच्याच्या प्रत्येक बोलण्याला होकार देतोय असं दिसायचं.

काकी त्या गाडीत नेहमी मागे बसत. पुढची सीट मोकळी असली तरी. एकदा तांदूळ निवडताना त्यांनी मला त्याचं कारण सांगितलं. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती तेव्हा अण्णांनी त्यांना गाडी शिकवायला कळंब्याच्या रस्त्यावर नेलं होतं. पाय हळू सोड, अर्ध्यात धर, अर्ध्यात म्हणजे अर्ध्यात, एवढं कळत न्हाय का, असं सगळा रस्ता चाललं होतं. गाडी बंद पडली की अण्णांचा आवाज चढायचा, आवाज चढला की गाडी बंद पडायची. शेवटी काकी दार उघडून उतरल्या, चालत स्टॉपवर गेल्या आणि सिटी बसनं घरी आल्या.

"मला येत नव्हतं असं न्हाय," त्या म्हणाल्या. "मला ह्यांचा आवाज नको होता."

त्यानंतर काकींना कुठेही जायचं तर अण्णांची सवड बघावी लागे. बाजार, दवाखाना रिक्षानं व्हायचं. पण काकींची थोरली बहीण, आक्का, शिरोळकडे कृष्णेकाठच्या एका गावात एकटी राहायची. विधवा, मूल नाही, जवळजवळ ठार बहिरी. फोनवर बोलणं शक्य नाही. समोर जाऊन बसलं तरच बहिणीची भेट. आणि ऊस तोडणीचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवाले दुकानात रांग लावायचे, अण्णांची सवड जायची ती होळीपर्यंत. काकी तक्रार करत नसत. फक्त दर रविवारी सकाळी जरा बरी साडी नेसून तयार असत, आणि दुपारी ती बदलत.

मी राहायला गेल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांच्या मुलीचं ठरायची वेळ आली. मुलगी पुण्यात नोकरीला, मुलगा तिनंच शोधलेला, घराणं समाजातलंच, सांगलीचं. सगळं जुळत होतं. मुलगा बघायला आला तो स्वतःच्या नव्या गाडीतून. अण्णांनी गाडीत डोकावून बघितलं, आत क्लच नव्हता, आणि त्यांचा चेहरा असा झाला की पाहुण्यांना वाटलं यांना बरं वाटत नाही. पोहे झाल्यावर अण्णा मुलाला म्हणाले की चला, पन्हाळ्याला फिरून येऊ, माझी गाडी घेऊ, तुम्ही चालवा.

पुढचं मला मुलीकडून कळलं. पन्हाळ्याच्या चढावर पुढं एक टेम्पो थांबला, मुलानंही गाडी थांबवली आणि मग ती त्याला काही केल्या उचलता येईना. क्लच सोडला की गाडी बंद पडायची आणि मागं घसरायची. मागं दुधाची गाडी हॉर्न मारत होती. अण्णा शेजारी हाताची घडी घालून बसले होते, परीक्षेला पर्यवेक्षक बसतात तसे. शेवटी मुलगा उतरला आणि घामाघूम होऊन म्हणाला, काका, तुम्हीच चालवा.

घरी येऊन अण्णांनी निकाल दिला. मुलगा सज्जन आहे, नोकरी चांगली आहे, पण चढाला थांबतो आणि मागं येतो. संसारात चढ असतातच. मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अण्णा, मला नवरा पायजे. ड्रायव्हर नको."

लग्न झालं. अण्णांनी हौसेनं केलं, आणि जावयाला सोन्याच्या अंगठीबरोबर ड्रायव्हिंग क्लासची फी देऊ केली. जावयानं अंगठी घेतली.

वर्षभरात जावयाला कंपनीनं परदेशात पाठवलं. मुलगीही गेली. जाताना दोघांनी आपली गाडी आमच्या अंगणात आणून लावली, विकायची नव्हती, परत आल्यावर लागणार होती. अण्णांनी तिच्यावर त्याच दिवशी गुऱ्हाळावरची जाड ताडपत्री टाकली. धूळ बसू नये म्हणून, असं ते सांगत. पण ती त्यांनी ज्या घाईनं टाकली ते बघता, प्रश्न धुळीचा नव्हता.

याच सुमाराला त्यांचा डावा गुडघा दुखायला लागला. आधी जिना तिरका चढू लागले, मग जिनाच टाळू लागले. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की गुडघा झिजलाय, क्लच बंद करा. अण्णांनी हा सल्ला बाद केला, कारण दवाखान्याच्या खिडकीतून त्यांनी डॉक्टरांची गाडी बघितली होती आणि ती ऑटोमॅटिक होती. असल्या माणसाला क्लचबद्दल बोलायचा काय अधिकार? मग त्यांनी चौकशी करून गिअरची गाडी चालवणारा डॉक्टर शोधला. त्यानं तोच फोटो बघून तेच सांगितलं, वर ऑपरेशनही सांगितलं. अण्णा म्हणाले, दोघं एकाच कॉलेजात शिकले असतील.

पुढे एका सकाळी दसरा चौकात सिग्नल सुटला आणि अण्णांचा पाय क्लचवर गेला तो दाबलाच जाईना. गाडीनं एक आचका दिला आणि ती बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा आचका. मागं हॉर्नचा कल्लोळ. दोन-चार माणसं धावत आली, पावणं, ढकलू काय म्हणाली, आणि ढकलत गाडी कडेला नेली. त्यांच्यातल्या एकानं अण्णांना ओळखलं, म्हणून ही बातमी अण्णांच्या आधी शाहूपुरीत पोचली. घरी अण्णांनी सांगितलं की बॅटरी उतरली. काकींनी जेवायला वाढलं आणि बॅटरीबद्दल काही विचारलं नाही.

ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. अण्णा घरी पलंगावर पाय लांब करून पडले, आणि मुलगी फोनवरून दोघांना काय काय सूचना देऊ लागली. तिच्या एका सूचनेबद्दल अण्णांना काही माहीत नव्हतं. एका सकाळी काकी वर माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्याकडं गाडीचं लायसन हाय न्हवं? चल जरा."

आम्ही ताडपत्री काढली. गाडी मी बाहेर काढली आणि विद्यापीठामागच्या मोकळ्या रस्त्यावर नेली. काकी चालकाच्या सीटवर बसल्या, पदर कमरेला खोचला. मी सांगितलं की हा ब्रेक, हा ॲक्सिलरेटर, दांडी इथं आणायची आणि ब्रेक सोडायचा. त्यांनी ब्रेक सोडला. गाडी आपसूक पुढे सरकली. काकींनी रस्त्याच्या टोकापर्यंत नेली, वळवली, परत आणली आणि थांबवली.

"एवढंच हाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, साधारण एवढंच.

त्या समोरच्या काचेतून बघत बसल्या. मला वाटलं खूश झाल्या असतील. चेहरा बघितला तर त्या संतापल्या होत्या. "एवढ्यासाठी मी घरात बसलो व्हय?" त्या म्हणाल्या. कोल्हापूरकडं बायकासुद्धा स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात, हे माझ्या तोवर अंगवळणी पडलं होतं. पण त्या दिवशी ते वाक्य मला वेगळंच ऐकू आलं.

पावसाळा लागेपर्यंत काकींनी लायसन काढलं. अण्णांना कळलं होतं की नाही, देव जाणे. ते काठी घेऊन अंगणात फिरू लागले होते आणि त्या गाडीजवळून जाताना नेहमी दुसरीकडे बघत.

श्रावणात पावसानं जोर धरला. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, पंचगंगा पात्राबाहेर आली, आणि एका सकाळी आक्काच्या शेजाऱ्याचा फोन आला. कृष्णेचं पाणी उसात शिरलंय, गाव हलतंय, पण म्हातारी उठायला तयार नाही, दुपारनंतर रस्ता राहील याची खात्री नाही. दोन-तीन भाड्याच्या गाड्यांना फोन केले, त्या बाजूला यायला कुणी तयार होईना.

अण्णा काठी टेकत उठले आणि त्यांनी खुंटीवरची आपल्या गाडीची किल्ली घेतली.

"तुमचा पाय दाबत न्हाय," काकी म्हणाल्या. "गाडी मी काढतो."

"तू?"

"व्हय."

अण्णांनी अंगणातल्या ताडपत्रीकडे बघितलं. "त्या गाडीतनं मी येत न्हाय," ते म्हणाले.

"नका येऊ," काकी म्हणाल्या आणि चपला घालून बाहेर पडल्या.

त्यांनी मला सोबत घेतलं. मी मागे बसले, गाडी चालू झाली, काकींनी ती फाटकापर्यंत आणली. तेवढ्यात अण्णा छत्री धरून पावसातून लंगडत आले, पुढचं दार उघडलं आणि बसले. आक्का तुझं ऐकत नाही, माझं ऐकते, म्हणून येतोय, असं त्यांनी काचेकडे बघून सांगितलं.

हातकणंगल्यापर्यंत ते ओली छत्री मांडीवर धरून बसले. पुढे समोरून ट्रॅक्टर येऊ लागले, ट्रॉल्यांत म्हशी, ट्रंका, गाद्या, म्हातारी माणसं. आमची रांग थांबत थांबत सरकत होती. अण्णांना राहवेना. दुसरा टाक, म्हणाले, आणि टाकायला दुसरा नाही हे लक्षात आल्यावर खिडकीतून बाहेर बघू लागले. एका ठिकाणी रस्त्यावर पाणी आलं होतं. अण्णांनी दोन्ही हातांनी सीट धरली आणि हळू आवाजात म्हणाले, थांबू नको, एकसारखी चालव. काकींनी मान हलवली आणि तशीच चालवली. गाडीबद्दल त्या दोघांतल्या एकानं दुसऱ्याचं ऐकलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आक्का पडवीत खाटेवर बसली होती, शेजारी पत्र्याची पेटी बांधून ठेवलेली, पण उठणार नाही म्हणत होती. देवळापर्यंत पाणी आलं तर बघू, असं तिचं धोरण. अण्णांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं की गाडी आणलीय, चला. आक्कानं विचारलं, गाडी कुणी चालवली?

अण्णांनी इकडे तिकडे बघितलं. गल्लीत निम्मं गाव सामान भरत होतं आणि त्यातले बरेचसे अण्णांचे गिऱ्हाईक होते. ते हळूच म्हणाले, "हिनं."

"कुणी?" आक्का म्हणाली.

"हिनं. तुमच्या भणीनं."

"मोठ्यानं बोल की. काय ऐकू येत न्हाय."

अण्णांनी छाती भरून श्वास घेतला. "बायकोनं चालवली!" ते ओरडले. "माझ्या बायकोनं चालवली गाडी! कोल्हापुरातनं इथवर!"

गल्ली थांबली. एकानं हातातली गादी खाली ठेवली. काकी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. आक्का मात्र लगेच उठली आणि चपला शोधू लागली. "मग येतो," ती म्हणाली. "तू चालवणार असतास तर आलो नसतो. मान दुखती माझी."

परतताना रांग अजून लांबली होती. शेजारून जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं वाकून आत बघितलं आणि विचारलं, अण्णा, क्लच नाही व्हय हिला? अण्णांनी त्याला सांगितलं की गुडघा बदललाय. मग थोडं थांबून म्हणाले, तूर्त.

पाणी उतरलं, आक्का दिवाळीपर्यंत राहून गावी गेली. अण्णांची मतं मात्र लगेच उतरली नाहीत. त्यांनी तह केला. गर्दीला आणि पुराला ऑटोमॅटिक चालेल, पण घाटात क्लचच पाहिजे, असं ते आता दुकानात सांगू लागले. हिवाळ्यात काकी गल्लीतल्या चार बायकांना घेऊन गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेल्या आणि सोलकढी पिऊन परत आल्या. मग अण्णांनी सरहद्द मागं घेतली. हा घाट तसा सोपा आहे, म्हणाले, खरा घाट हिमालयात. गल्लीतल्या वकिलांनी मला विचारलं की काकी हिमालयात कधी जाणार आहेत.

काकी आता दर रविवारी शिरोळला जात. सकाळी नेसलेली साडी संध्याकाळपर्यंत अंगावर असे. अण्णा घरी एकटे भाकरी-आमटी गरम करून खात आणि चार वाजल्यापासून फाटकापाशी उभे राहत.

मला गावाकडच्या कॉलेजात नोकरी मिळाली आणि माझं कोल्हापूर सुटायची वेळ आली. त्या शेवटच्या उन्हाळ्यात एका सकाळी काकींनी मला हाक मारली, चल, जरा चक्कर मारून येऊ. खाली आले तर अण्णा बूट घालून गाडीपाशी उभे होते. आयुष्यभर चप्पल घालणारा माणूस. ते काकींच्या शेजारी बसले. मी मागे बसले.

विद्यापीठामागच्या रस्त्यावर जागांची अदलाबदल झाली. काकींनी एकच सांगितलं, डावा पाय मागं घ्या, त्याचं काम नाही. अण्णा म्हणाले, माहीत हाय. गाडी सुरू झाली, चालली, जरा वेग आला. समोरून एक कुत्रं आडवं गेलं आणि अण्णांचा डावा पाय सवयीनं क्लच शोधत पुढे आला. तिथं ब्रेक होता. गाडी जागच्या जागी खिळली, माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

अण्णांनी स्टिअरिंग धरून ठेवलं होतं. कुत्रं निघून गेलं तरी ते समोरच बघत होते.

"पाय ऐकत न्हाय," ते म्हणाले. मग विचारलं, "उतरू?"

"कशाला?" काकी म्हणाल्या. "ब्रेक सोडा. सरकल ती."

गाडी सरकली. माणूस चालतो त्या वेगानं आम्ही निघालो. अण्णांनी डावा पाय सीटखाली इतका मागं ओढून घेतला होता की त्यांचं सगळं शरीर तिरकं झालं होतं. रस्त्याच्या कडेनं फिरायला निघालेला शाहूपुरीतला एक जुना दुकानदार आमच्याबरोबर चालू लागला. त्यानं आत वाकून बघितलं, पुन्हा बघितलं.

"काय अण्णा," तो म्हणाला, "शिकताय काय?"

मला वाटलं आता गुडघ्याचं निघेल, नाहीतर बॅटरीचं.

"व्हय," अण्णा म्हणाले. "बायको शिकवतीया."

"बोलत बसू नका," काकी म्हणाल्या. "पुढं बघा."